कार्पल टनेल: पट्टा, तेल, व्यायाम यांपैकी मला कशाने गुण आला

डोंबिवलीत आमचं पोळी-भाजी केंद्र आहे आणि पोळ्यांचं काम मुख्यतः माझ्याकडे. गेल्या पावसाळ्यात उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. दिवसा फारसं काही जाणवायचं नाही, पण रात्री दोन-अडीचला जाग यायची ती हात बधिर झाल्यामुळेच. उठून हात झटकला की थोड्या वेळाने बोटांत जीव यायचा.

घरात ज्याचं त्याचं निदान वेगळं. जाऊबाई म्हणाल्या वात, मुलगा म्हणाला मानेचा मणका. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काकू, करंगळीलाही मुंग्या येतात का?" येत नव्हत्या. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढ्यातच त्रास होता. ही बोटं मीडियन नावाच्या नसेची, करंगळी दुसऱ्या नसेची. मग त्यांनी दोन्ही पंजे उलट बाजूने एकमेकांना टेकवून, बोटं जमिनीकडे करून मिनिटभर धरायला लावले. मिनिट पुरं व्हायच्या आतच बोटं झिणझिणायला लागली.

मनगटात हाडांचा एक अरुंद बोगदा असतो, तोच कार्पल टनेल, आणि त्यावर चिवट पट्टीचं छत. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि ही एक नस जाते. आत सूज आली की चेपली जाते ती नसच. झोपेत आपण मनगट दुमडून घेतो, तेव्हा आतला दाब आणखी वाढतो. मधुमेह आणि थायरॉईडमुळेही हा त्रास होतो, म्हणून रक्त तपासलं. ते ठीक निघालं. नसेतून करंट किती वेगाने जातो याची तपासणीही झाली. दुखणं सौम्य होतं, त्यामुळे आधी घरच्या उपायांना वेळ देऊ असं ठरलं.

सगळ्यात जास्त गुण आला तो रात्री मनगटाला बांधायच्या पट्ट्याने. पण तो नीट निवडावा लागतो, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही. मेडिकलमधून आणलेल्या पट्ट्यात तळहाताच्या बाजूला धातूची पट्टी होती आणि ती मनगट मागे झुकवणारी होती. फिजिओथेरपिस्ट मुलीने ती बाहेर काढली, हाताने सरळ केली आणि परत घातली. मनगट ना पुढे, ना मागे, अगदी सरळ असताना बोगद्यातला दाब सर्वांत कमी असतो. पट्टा आवळायचाही नाही, नाहीतर बाहेरून आपणच दाब देतो. दमट हवेत खाली घामोळं यायला लागलं, तेव्हा एका जुन्या सुती मोज्याचा पुढचा भाग कापून तो आत घातला. सुरुवातीला झोपेत मीच पट्टा काढून टाकायची. किमान सहा आठवडे नेटाने वापरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हळूहळू सलग झोप लागायला लागली.

तीळतेलाची मालिश जाऊबाई अगदी मायेने करून द्यायच्या. दिवसभर लाटून भरलेला हात मोकळा व्हायचा, पण मुंग्यांत काही फरक पडला नाही. तरी मी मालिश सोडली नाही, कारण थकवा जाणं हेही काही कमी नाही. शेक मात्र जपून. बधिर बोटांना चटका कळत नाही. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या या दुखण्यात साध्या, औषध नसलेल्या गोळीपेक्षा वरचढ ठरलेल्या नाहीत, म्हणून डॉक्टरांनी त्या दिल्याच नाहीत. शेजारच्या वहिनी बी-सिक्स जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्यायला सांगत होत्या. त्याचाही या त्रासात फायदा सिद्ध झालेला नाही, उलट मोठा डोस फार दिवस घेतला तर नसांनाच इजा होते.

व्यायाम सोपे आहेत. बोटं सरळ, मग हुकासारखी वाकवलेली, मग पूर्ण मूठ, परत सरळ. सावकाश करायचे आणि मुंग्या वाढल्या की थांबायचं. एकट्या व्यायामाने मला भागलं नसतं असं माझं मत आहे. पट्ट्याच्या जोडीला सकाळची आखडलेली बोटं सुटायला मदत झाली.

कामात बदल केला नसता तर पट्ट्याचाही उपयोग टिकला नसता. कणीक मळताना आपण सगळा भार तळहाताच्या बुडाशी टाकतो, म्हणजे नेमका त्या बोगद्यावर. आता कणीक यंत्रावर मळतो. लाटणं आणि भाजणं आम्ही दोघी आलटून पालटून करतो. ओले कपडे पिळणं मी बंद केलं.

स्टेरॉईडच्या इंजेक्शनचा पर्यायही पुढ्यात होता. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका ब्रिटिश अभ्यासात रात्रीचा पट्टा आणि इंजेक्शन यांची तुलना केली होती. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले जास्त बरे होते, सहा महिन्यांनी मात्र दोघांत फरक उरला नव्हता. मला थांबणं शक्य होतं म्हणून मी पट्टा घेतला. जिला रात्र काढणंच अशक्य झालंय, तिने इंजेक्शन घेतलं तर त्यात वावगं काही नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा बसायला लागला, बटण लावता येईना, हातातून वस्तू निसटायला लागल्या किंवा बधिरपणा दिवसरात्र राहिला, तर घरगुती उपायांत एक आठवडाही घालवू नका. नस फार काळ चेपलेली राहिली तर ऑपरेशननंतरही सगळी ताकद परत येईलच असं नाही. मी दर रविवारी दोन्ही तळहात शेजारी ठेवून हा उंचवटा बघते.

आता पट्टा रोज लागत नाही. होळीच्या पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी सुरू झाल्या की रात्री परत बांधते. पुढची नसेची तपासणी दिवाळीनंतर आहे.