भिंगरी घरी आली, पण आधी अडीच महिने कागद फिरला

आधीच सांगतो, मी ३४ वर्षं बँकेत काढली. सही जुळत नाही, खाडाखोड आहे, तारीख उद्याची घातली आहे, असं म्हणून कागद खिडकीतून परत सरकवण्यात आमच्या शाखेत माझा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यामुळे गेल्या वर्षी माझं जे झालं त्यात थोडी परतफेड आहे, हे मला कळतं. तरी राग आहे तो आहेच.

२०२५च्या जुलैत आम्ही दोघं पुण्याबाहेरच्या एका निवाऱ्यात कुत्रं बघायला गेलो. बायकोला मांजर हवं होतं, पण तो वेगळा विषय. तिसऱ्या पिंजऱ्यात एक तांबूस मादी होती. आठ महिन्यांची, एक कान उभा, एक दुमडलेला. आम्हाला बघताच तिने जागच्या जागी गोल गोल गिरक्या घ्यायला सुरुवात केली आणि पाण्याचं घमेलं उलथवून टाकलं. पाटीवर कुठलंसं विलायती नाव होतं. बायको म्हणाली, "ही तर भिंगरीच!" मांजराचा विषय तिथेच संपला.

तिथे काम करणारी मुलगी माझ्या केसांकडे बघून म्हणाली, "काका, ही फार दांडगी आहे हं. आमच्याकडे वयस्कर, शांत कुत्रीपण आहेत." मला ते लागलं. रोज पाच किलोमीटर चालतो मी. पण पुढे ती मुलगी जे जे बोलली ते सगळं खरं ठरलं, म्हणून इथे कबूल करून टाकतो.

फॉर्म चार पानी. गावाला गेलात तर कुत्री कोण सांभाळणार, डॉक्टर कोण, दिवसातले किती तास घर बंद असतं. आमच्यामागे जबाबदारी कोणाची, त्यावर ठाण्याच्या मुलीची सही. घर बघायला दोघं आली, गॅलरीच्या गजांमधलं अंतर बघून गेली. नसबंदी झालेली, रेबीजची लस टोचलेली. एका आठवड्यात सगळं उरकलं. राहिला एक कागद, सोसायटीचं ना हरकत पत्र. घर माझ्या नावावर, मी भाडेकरूही नाही, मग हे कशाला? तर लोक कुत्रं नेतात, सोसायटीत कुरबुर होते आणि महिन्याभरात ते परत आणून सोडतात. हे अनेकदा झाल्यावर त्यांनी अट घातली होती. पटलं.

सेक्रेटरी म्हणाले, "अर्ज द्या, करून टाकू." मी घरी येऊन बँकेच्या वळणाचं झकास पत्र लिहिलं. शेवटची ओळ अशी होती: "तरी मला कुत्रा पाळण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती." ही एक ओळ मला अडीच महिन्यांना पडली. का ते पुढे येईल.

पहिल्या कमिटी मीटिंगमध्ये टाकीच्या गळतीवर दोन तास गेले, माझा अर्ज राहिला. दुसऱ्या मीटिंगनंतर निरोप आला, मजल्यावरच्या तिघांच्या आणि वरच्या-खालच्या घरांच्या सह्या आणा. चार मिळाल्या. पाचवं घर दोन वर्षं बंद, मालक कॅनडात. "मग त्यांचा ईमेल आणा." त्या गृहस्थांचा दुसऱ्याच दिवशी ईमेल आला, वर कुत्रीचा फोटोही मागितला त्यांनी. तो ईमेल दिला तर म्हणाले, लिफ्टसाठी दहा हजार डिपॉझिट ठेवावं लागेल. मी विचारलं, कुठल्या उपविधीनुसार? आमच्या उपविधीचं पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं होतं. त्यात कुत्र्याचा शब्द नाही. ते म्हणाले, "तसं नाही साहेब, एक पद्धत म्हणून." पद्धत! आमच्या इमारतीत याआधी कुत्रं आलंच नव्हतं, मग पद्धत पडली कधी?

दर रविवारी मी तिला भेटायला जात होतो. ही चूक की बरोबर, मला अजून सांगता येत नाही. मी दिसलो की ती गिरक्या घेई आणि निघालो की आणखी जोरात घेई. ऑगस्टच्या सुरुवातीला माझ्या लक्षात आलं की आता मी नसतानाही ती गिरक्या घेते. लांबून, झाडाआडून बघितलं मी. एकाच दिशेने, डावीकडून. पिंजऱ्यातल्या फरशीवर तिच्या पंजांनी पुसून पुसून एक गोल उमटला होता.

तेवढ्यात ११ ऑगस्ट उजाडला. दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रात्री बारापर्यंत प्रत्येक जण न्यायमूर्ती झाला. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी जिन्यात भेटले. "बघितलंत ना? आता तर कोर्टानेच सांगितलं." मी म्हटलं, ते दिल्लीच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचं आहे, माझी कुत्री रस्त्यावर नाही, पिंजऱ्यात आहे, आणि तुमच्यामुळे आहे. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडा, पिसाळलेली आणि हल्लेखोर तेवढी ठेवून घ्या, असं म्हटलं. त्यातच हेही होतं की प्राणिप्रेमींना कुत्री दत्तक घ्यायची असतील तर तिथल्या महापालिकेकडे अर्ज करावा. मी त्याची प्रिंट काढून नेली. सेक्रेटरी म्हणाले, "ते दिल्लीचं झालं." मग ११ तारखेचं कुठलं होतं हो?

शेवटचा बाण असा की आता विषय वार्षिक सर्वसाधारण सभेतच येईल. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे ती २८ तारखेच्या रविवारी, सकाळी साडेदहाला, कोरमअभावी अर्धा तास तहकूब होऊन मगच सुरू होणार, हेही ठाऊक होतं.

त्या रात्री निवाऱ्यातल्या मुलीला फोन करून सांगितलं, जमत नाही बहुतेक. तिने शांतपणे विचारलं, "काका, तुम्ही अर्जात काय लिहिलंत?" मी ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, "परवानगी कशाला मागितलीत? कळवायचं फक्त."

एवढंच होतं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ला सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. लिफ्ट वापरू नका असं म्हणता येत नाही, भुंकतो म्हणून हाकलता येत नाही. उलट बाजूने पाळणाऱ्यांनाही सांगितलं आहे की बाहेर नेताना साखळी लावा, घाण उचला, लसी वेळेवर द्या. म्हणजे मी जे मागत होतो ते देण्याचा अधिकारच कमिटीकडे नव्हता. पण मी मागितलं म्हणून तो तयार झाला! खिडकीच्या आत बसून मी जन्मभर हेच केलं होतं. समोरचा "साहेब, जरा बघा ना" म्हणाला की आपोआप पाठ ताठ होते माणसाची.

नवं पत्र चार ओळींचं केलं. मी अमुक सदनिकेचा मालक, अमुक वर्णनाची लसीकरण झालेली कुत्री घरी आणत आहे, आपल्या माहितीसाठी कळवत आहे, सोबत लसीकरणाची प्रत आणि २०१५च्या सूचना जोडल्या आहेत. 'विनंती' हा शब्द कुठेही नाही. दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली तर ऑफिसातल्या मुलाला शिक्का सापडेना. ठीक आहे. पोस्टात गेलो आणि नेहमीच्या सवयीने रजिस्टर एडी म्हणालो. काउंटरवरची बाई म्हणाली, "रजिस्टर आता स्पीड पोस्टात विलीन होतंय, काका." मला त्यासाठीही क्षणभर वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी पत्र पोचल्याची नोंद मिळाली, ती निवाऱ्याला दाखवली, त्यांनी मान्य केली. २० सप्टेंबरला भिंगरी मागच्या सीटवर बायकोच्या मांडीवर बसून घरी आली आणि धायरी फाट्यावर तिच्या साडीवर ओकली.

२८च्या सभेत विषय निघाला. मी सूचना वाचायला उभा राहिलो, दीड परिच्छेद झाल्यावर अध्यक्षांनी चहा आला का ते विचारलं. इतिवृत्तात "सभेने नोंद घेतली" असं आहे.

आता कुत्रीबद्दल. पहिले तीन दिवस ती इतकी शांत होती की आम्हाला वाटलं, निवाऱ्याने उगाच घाबरवलं. चौथ्या दिवशी माझा चष्मा, बायकोची कोल्हापुरी आणि गीझरची माहितीपुस्तिका गेली. दारात कोणी आलं की छातीवर उडी. फिरायला नेताना अशी ओढायची की माझा उजवा खांदा दोन आठवडे शेकावा लागला. गळ्यातला पट्टा बदलून छातीवर कडी असलेला हार्नेस घ्या, ही गोष्ट मला पहिल्या दिवशी कोणी सांगितली असती तर डॉक्टरचे पैसे वाचले असते.

शिकवायला एक मुलगा सहा वेळा आला. त्याने कुत्रीपेक्षा आम्हालाच जास्त शिकवलं. उडी मारली की ओरडायचं नाही, ढकलायचंही नाही. पाठ फिरवायची, चारही पाय जमिनीला लागले की लगेच खाऊ. आमच्याकडे पनीरचे चण्याएवढे तुकडे चालतात. मी पाठ फिरवायचो आणि बायको मागून "अगं माझी बाय ती" म्हणत तिला कुरवाळायची, त्यामुळे एक महिना फुकट गेला. ओढायला लागली की आपण झाडासारखं उभं राहायचं, दोरी सैल झाली की चालायला लागायचं. सुरुवातीला सोसायटीच्या फाटकापर्यंत जायला पंचवीस मिनिटं लागत. वॉचमन खुर्ची द्यायचा.

आणि गिरक्या. आम्ही त्यांना कौतुकाने हसत होतो, नावही त्यावरूनच ठेवलं. तो मुलगा हसला नाही. म्हणाला, वाढत्या वयात इतके महिने कोंडून राहिली की जोर असाच बाहेर येतो, त्याची सवय लागते. थकवून ती जात नाही, नाकाला काम द्या. मग जेवण वाटीत देणं बंद केलं. जुन्या टॉवेलमध्ये दाणे गुंडाळून गाठी मारायच्या, ती वीस मिनिटं हुंगत, ओढत सोडवत बसते. कालव्याच्या कडेला तिला हवं तितकं हुंगू द्यायचं, घाई करायची नाही. पाच किलोमीटर भराभर चालवून मी तिला फक्त अधिक ताकदवान करत होतो, हे उशिरा कळलं. दिवाळीत फटाक्यांनी गिरक्या पुन्हा वाढल्या, चार दिवस पंखा, टीव्ही आणि पडदे लावून न्हाणीघरात आळीपाळीने तिच्याजवळ बसलो. आता आठवड्यातून एखाद्या वेळी दिसतात. दिसल्या की मला जिन्यातले सेक्रेटरी आठवतात.

शब्द ठरवताना एक काळजी घ्या. आम्ही "बस" शिकवलं. आता घरी पाहुणे आले, मी "बसा बसा" म्हटलं, की सगळ्यांच्या आधी ती बसते आणि पनीरसाठी माझ्याकडे बघते. पाहुण्यांसमोर रोज पनीर कुठून आणायचं?

महापालिकेचा परवाना काढून घ्या, आमचा विनातक्रार झाला म्हणून लिहायचं विसरलो होतो. रेबीजच्या दाखल्याची झेरॉक्स फिरायच्या पिशवीत ठेवा. दुपारी डांबरावर आधी आपल्या हाताची उलटी बाजू टेकवून बघा, आपल्याला सोसवत नसेल तर तिच्या तळव्यांनाही नाही. आणि पत्राची दुसरी प्रत नेताना स्वतःचं स्टॅम्प पॅड न्या, शिक्का सापडला तर शाई वाळलेली असते.