सांगून न हललेला ओठ

नाशिकच्या पंचवटीत एका आजोबांकडे मी फिजिओथेरपीसाठी जात होते. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी झाली होती, त्यामुळे डावा हात-पाय लुळा आणि तोंड वाकडं. पाचव्या आठवड्यात पाय साथ देऊ लागला, तोंड मात्र ऐकेना. ‘आजोबा, दात दाखवा बरं’ म्हटलं की उजवीकडचा ओठ वर जायचा, डावा कोपरा लोंबताच. ते खजील होऊन तोंडावर पंचा धरायचे. आजींनी भिंतीवरचा आरसासुद्धा उतरवून ठेवला होता.

हसण्याने माणूस बरा होतो असं कुणीतरी सांगितलं म्हणून मुलगा रोज टीव्हीवर विनोदी कार्यक्रम लावायचा. आजोबा नुसतेच बघत बसायचे.

रंगपंचमी जवळ आली होती. त्या दिवशी मी पोहोचले तेव्हा त्यांचे बालमित्र आले होते. आल्या आल्या म्हणाले, “काय रे, यंदा मला रहाडीत कोण ढकलणार?” रहाड म्हणजे रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात तो जमिनीतला हौद. मग किस्सा सुरू झाला. आजोबांनी त्यांना नव्या कोऱ्या सदऱ्यानिशी शनी चौकातल्या रहाडीत ढकललेलं. “दोन दिवसांनी मुलगी बघायला गेलो, तर कान गुलाबी! सासरे कानाकडेच बघतायत!”

आजोबा हसले. पोट हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी अगदी समोर बसले होते. डावा ओठ वर गेला होता! गाल फुगलेला, डोळ्यांच्या कडांना दोन्हीकडे सारख्या सुरकुत्या. चार-पाच सेकंदच. हसू ओसरलं तसा कोपरा पुन्हा खाली आला.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. ठरवून ओठ हलवायचा हुकूम मेंदूच्या वरच्या थरातून, मोटर कॉर्टेक्समधून निघतो. आतून फुटणारं हसू भावनांशी जोडलेल्या भागांतून, वेगळ्या वाटेने येतं. दोन्ही वाटा मेंदूच्या देठात चेहऱ्याच्या नसेपाशी मिळतात. पक्षाघाताच्या झटक्यात पहिली वाट तुटली तरी दुसरी शाबूत राहू शकते. बेल्स पाल्सी या चेहऱ्याच्या लकव्यात खुद्द नसच बिघडते, तिथे दोन्ही हसू अडतात. पण एवढं स्पष्ट, हाताच्या अंतरावर, मी पहिल्यांदाच पाहिलं.

मुलाला मी हे सगळं समजावून सांगितलं. त्याने विचारलं, “मग टीव्हीवर का नाही हसले?” हसण्यावर अभ्यास करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना आढळलं होतं, की माणूस एकटा असण्यापेक्षा चारचौघांत सुमारे 30 पट जास्त हसतो, आणि त्यातलं बहुतेक हसू विनोदाला नसतंच, साध्या बोलण्याला असतं. आजोबांना कार्यक्रम नको होता, मित्र हवा होता.

हसून गुठळी विरघळत नाही, हातही उचलला जात नाही. हे मी घरच्यांना स्पष्ट सांगितलं. व्यायाम आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि तोंडात घास किंवा चहा असताना किस्से अजिबात नकोत. अशा रुग्णाला ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जायची भीती असते. मित्राने आणलेला चिवडा मी आजींकडे दिला.

निघताना आजींनी मला दारात थांबवलं. “सरळ झालं होतं ना हो तोंड? मीही बघितलं.” मी मान हलवली. पुढच्या खेपेला गेले तर आरसा परत खिळ्यावर होता, आणि मित्र आधीच येऊन बसले होते.