काळ्या घोड्याच्या पुलावर

आज सकाळी बाबांना घेऊन बडोद्यात विश्वामित्री नदीवरच्या काळ्या घोड्याच्या पुलावर जरा थांबले. खाली उतारावर मगर ऊन खात पडली होती. जबडा उघडा, पाठीवर वाळलेल्या गाळाचे पापुद्रे. बाबा कितीतरी वेळ बघत होते.

ऑगस्ट 2024 च्या पुरात आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. भिंतीवरची ती रेघ अजून तशीच आहे. तेव्हा वस्तीत मगरी शिरल्या म्हणून सगळा बडोदा घाबरला होता. खरं तर आपणच त्यांच्या वाटेत घरं बांधली. विश्वामित्रीचं पाणी पूर्वी कोतरांत (नदीकाठच्या घळींत), तळ्यांत पसरायचं. ती बुजवल्यावर त्यानं जायचं कुठे?

पूर टाळायला नदीतला गाळ काढा, कोतरं मोकळी करा, माझं काही म्हणणं नाही. पण काठ सरळ कापून सिमेंट लावू नका हो! मगरी मातीच्या काठातच बिळं करतात, उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथेच अंडी घालतात आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात. नेमकी तेव्हाच काठावर यंत्रं फिरली तर सगळं संपतं. शिवाय झाडागवतानं धरलेला काठ पुरात सहज ढासळत नाही.

"आमच्या लहानपणी इथे कासवं किती दिसायची," बाबा म्हणाले. तेवढ्यात मगर सरकली आणि आवाज न करता पाण्यात गेली.