ब्रांच कुठली?

गेल्या जूनमध्ये आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंचा नातू अमेरिकेहून आला होता. वडगावशेरीतली आमची बिल्डिंग जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही, त्यामुळे कोणाकडे कोण आलंय ते बॅगा चढवतानाच सगळ्यांना कळतं. मी एक बॅग उचलली आणि पहिला मजला यायच्या आत विचारून टाकलं, काय करतोस? कॉलेज. ते कळलं रे, ब्रांच कुठली? तर म्हणे ब्रांच नाहीये. म्हटलं अजून ठरली नसेल, तिकडे नंतर ठरवतात ना. "नाही काका, आमच्या कॉलेजमध्ये ब्रांचच नाही, कोणालाच नाही, चारही वर्षं सगळे सेम शिकतात." मी बॅग खाली ठेवली. दम लागला होता हे पण खरंय.

दोन दिवसात बिल्डिंगभर झालं की काकूंचा नातू फादर होणार. काकू मूळच्या वसईच्या, कॅथलिक, रविवारची मिस्सा चुकवणार नाहीत, त्यामुळे लोकांनी सरळ हिशोब लावला. काकू जाम वैतागल्या. म्हणाल्या, "फादरच व्हायचं असतं तर त्याला एवढ्या लांब कशाला पाठवला असता, रामवाडी काय वाईट आहे?" आणि ते बरोबरच आहे म्हणा. रामवाडीला नगर रोडवर पेपल सेमिनरी, म्हणजे फादर घडवणारं कॉलेज, आहे, आम्ही रोज तिच्यावरून जातो. पोपने १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडीला सुरू केलेली ती, १९५५ मध्ये पुण्यात आली, देशभरातून मुलं तिथे आधी फिलॉसॉफी आणि मग थिऑलॉजी शिकायला येतात. आता शेजारी मेट्रो स्टेशन झालंय तरी "आत नक्की काय शिकवतात" हे माझ्यासकट कोणी कधी विचारलेलं नाही.

तर ह्या पोराचं कॉलेज म्हणजे थॉमस अक्वायनस कॉलेज, कॅलिफोर्नियात सांता पॉला नावाच्या छोट्या गावाजवळ, डोंगरात. १९७१ मध्ये ३३ विद्यार्थी घेऊन सुरू झालं आणि आजही तिथे साडेतीनशे-चारशेच मुलं असतील. माझ्या कॉलेजात मेकॅनिकलच्या दोन डिव्हिजन एका हॉलमध्ये कोंबल्या की त्याच्या अर्ध्याच्या जवळ जायचो. २०१९ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये दुसरा कॅम्पस पण आहे. टेक्स्टबुक नाही, मूळ पुस्तकंच वाचायची. लेक्चर जवळजवळ नाहीच, पंधरा-सतरा पोरं टेबलाभोवती बसतात, शिकवणाऱ्याला प्रोफेसर नाही तर ट्यूटर म्हणतात आणि तो प्रश्न टाकून गप्प बसतो. पहिल्या वर्षी युक्लिडची भूमिती आणि अख्खं बायबल, दुसऱ्या वर्षी टॉलेमी, कोपर्निकस, केप्लर, पुढे न्यूटन, शेवटी आइनस्टाइन, दोन वर्षं लॅटिन, एक वर्ष संगीत, शेवटी प्रबंध. सगळ्यांना सगळं. वर्गात कॉलरचा शर्ट घालायचा, मुलींनी स्कर्ट किंवा ड्रेस, आणि बरोबरच्या पोरांनासुद्धा मिस्टर अमुक, मिस तमुक म्हणायचं. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांच्या कॉलेजजवळ वणवा पेटला, २ लाख ८० हजार एकरांच्या वर जळालं, पोरांना रात्री बाहेर काढावं लागलं पण कॉलेज वाचलं. त्या वणव्याचं नाव थॉमस फायर पडलं ते कॉलेजवरूनच.

हे सगळं मी "हो का, अरे वा" करत ऐकलं. खरी मजा नंतरच्या रविवारी झाली. पाऊस लागला होता, लाइट गेलेली, काकूंनी वसईहून आलेली सुकेळी पुढे ठेवली होती आणि मी जरा आगाऊपणाच केला. म्हटलं युक्लिड काय, आम्ही पण केलाय शाळेत, दहावीला गणितात, भूमिती धरून, मला दीडशेपैकी एकशे एकेचाळीस होते. तो म्हणाला, मग हे करा. आणि महावितरणच्या बिलाच्या मागे एक त्रिकोण काढला, दोन बाजू सारख्या. पायाजवळचे दोन कोन सारखे आहेत हे सिद्ध करा. एवढंच?! वरच्या कोनाचा दुभाजक काढला, दोन त्रिकोण झाले, बाकोबा कसोटी, एकरूप, विषय संपला. अर्धा मिनिट. पेन खाली ठेवलं.

"दुभाजक काढता येतो हे कुठे प्रूव्ह केलंय?"

म्हणजे काय, कंपासने काढतो ना. हो, पण तो बरोबर मधोमधच येतो कशावरून? म्हटलं ते आहेच की. मग त्याने शांतपणे सांगितलं की युक्लिडच्या पुस्तकात दुभाजक नवव्या प्रमेयात येतो, नववं उभं आहे आठव्यावर, आठवं सातव्यावर आणि सातवं पाचव्यावर, आणि पाचवं म्हणजे हेच, जे तुम्ही आत्ता नवव्याने सिद्ध केलंत. मी बिलाकडे बघत बसलो. म्हणजे मी स्वतःच्याच खांद्यावर चढून भिंत ओलांडली होती आणि तेवीस वर्षं कोणी बोललं नव्हतं.

युक्लिड काय करतो तर दोन्ही बाजू पायाच्या खाली लांबवतो, दोन्हीकडे सारखं अंतर मोजून घेतो, प्रत्येक टोक पायाच्या पलीकडच्या कोपऱ्याला तिरपं जोडतो. आता दोन मोठे त्रिकोण एकमेकांवर चढलेले दिसतात, ते बाकोबाने एकरूप. मग त्यांच्यातून पायाखालचे दोन छोटे, ते पण बाकोबानेच. आणि मग मोठ्या कोनातून छोटा कोन वजा. संपलं. ह्या प्रमेयाला जुन्या काळापासून गाढवांचा पूल म्हणतात, गाढवं इथपर्यंत येतात आणि अडतात म्हणून. हे त्याने सांगितल्यावर काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या.

आमच्या कॉलेजबद्दल (नाव नको, अजून मित्र शिकवतात तिथे) सांगायचं तर चार वर्षांत मला "कशावरून" असं एकदाही कोणी विचारलं नाही. शेवटच्या चार दिवसांत दुकानातून गाइड आणायचं, मागच्या पाच वर्षांचे पेपर, आयएमपी प्रश्न, ओरलला एक्स्टर्नल दोन प्रश्न विचारून फाइलवर सही करून चहाला जाणार.

त्यांच्याकडे विद्यार्थ्याचं मूल्यमापन कसं होतं ते ऐकून तर मी उडालोच. त्याला म्हणतात डॉन रॅग. सगळे ट्यूटर एका बाजूला बसतात, विद्यार्थी समोर, आणि ते त्याच्याशी बोलत नाहीत, त्याच्याबद्दल बोलतात. मिस्टर अमुक वर्गात तयारी करून येतात पण दुसऱ्याचं वाक्य पूर्ण होऊ देत नाहीत, वगैरे. शेवटी त्याला बोलायची संधी. आता हे आपल्याला नवीन आहे का सांगा! शाळेत ओपन हाऊसला बाई आईशी बोलायच्या आणि मी शेजारी उभा राहून बुटाकडे बघायचो. फरक एवढाच की नंतर घरी जाताना रिक्षात मला संधी वगैरे मिळायची नाही.

पण सगळंच मला पटलं असं नाही. एवढं पुस्तकांचं कौतुक आणि यादीत आपल्याकडचं काहीच नाही, सगळी सगळी तिकडचीच. आणि कॉलेज जर उघडपणे कॅथलिक श्रद्धेवर उभं आहे तर मग चर्चा कसली, उत्तर ठरलेलंच असणार ना, असं मी जरा खोचकपणे विचारलं (कॅथलिक नसलेली मुलं पण घेतात म्हणे, थोडीच असतात). त्यावर तो म्हणाला की ज्याच्या नावाचं कॉलेज आहे तो थॉमस अक्वायनस, तेराव्या शतकातला कॅथलिक धर्मपंडित, प्रत्येक प्रश्नावर आधी स्वतःच्या विरुद्धचे मुद्दे मांडतो, बऱ्याचदा तीन-तीन, चांगले भक्कम, आणि मग आपलं मत सांगून एकेकाला उत्तर देतो. म्हटलं अरे हा तर पूर्वपक्ष, आपल्याकडे शास्त्रार्थात हेच करायचे. त्याला तो शब्द इतका आवडला की त्याने वहीत लिहून घेतला, देवनागरीत, र्व चुकवून.

ऑगस्टमध्ये तो गेला. मी ते बिल फ्रिजवर चिकटवून ठेवलं आणि त्या नादात भरायचं राहिलं, ते बायकोने ऐकवलं. काकू मधूनच दारात उभ्या राहून विचारतात, अरे पण नोकरी कसली लागेल रे त्याला? मी म्हणतो काकू, काही जण पुढे मास्टर्स करतात, वकिली शिकतात, शाळेत शिकवतात, लागेल काहीतरी. त्यांना ते पटत नाही आणि खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पटत नाही.

पाचवं प्रमेय मात्र मला आता न बघता येतं. सहावं त्याच्या बरोबर उलटं आहे, कोन सारखे तर बाजू सारख्या. त्यात युक्लिड आधी बाजू सारख्या नाहीत असं धरून चालतो, आणि तिथे मी गेला आठवडाभर अडकलोय.