बदाम राजाच्या मिशा

आत्या गेल्यावर तिच्या वस्तूंची वाटणी अर्ध्या तासात उरकली. वस्तू फारशा नव्हत्याच. ज्याला जे हवं ते त्याने उचललं. मला तिचा पत्त्यांचा जोड हवा होता आणि तो दुसऱ्या कुणालाच नको होता, कारण त्यात किलवरची छक्की नाही. छक्कीच्या जागी एक जोकर आहे. त्याच्या टोपीवर आत्याच्या ठसठशीत अक्षरात लिहिलंय : 'आजपासून ही छक्की. वाद घालू नये.'

जोडाबरोबर तिची हिशेबाची वहीही आली. तिच्याबद्दल पुढे सांगते.

आत्या नव्वदी ओलांडून गेली, त्यामुळे भेटायला आलेले सगळे 'सोनं झालं हो' म्हणत होते. म्हणणाऱ्यांचं चुकत नाही. पण सोनं वगैरे शब्द तिला लावले की मला ती आतल्या खोलीतून ओठ दाबून हसताना दिसते. तिला शोभेल असं गंभीर वाक्य मला अजून सापडलेलं नाही. म्हणून मिशांचंच सांगते.

आमच्या लहानपणी मोठी माणसं एका म्हणीने मुलांची तोंडं बंद करायची. आपण म्हणावं, 'पाऊस थांबला असता तर आपण गेलो असतो ना?' की उत्तर तयार : 'आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं.' आमच्या घरात खरोखरची आत्याबाई बसलेली असायची, त्यामुळे म्हण म्हटली की सगळे एकदा तिच्याकडे बघायचे. एका दुपारी ती काही न बोलता उठून आत गेली आणि परत आली ती काजळाच्या भरघोस, टोकं वर वळवलेल्या मिशा काढून. "आता म्हणा," म्हणाली आणि पत्ते पिसायला घेतले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिने 'आत्या' या हाकेला ओ दिली नाही. मधे पोस्टमन आला. दार तिनेच उघडलं. त्याने रजिस्टर पाकीट दिलं, सही घेतली आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता निघून गेला. त्या माणसाबद्दल मला आजही आदर वाटतो.

तोंड धुऊन आल्यावर तिच्या हाताला बहुधा चैन पडेना. तिने जोडातून बदामचा राजा काढला आणि बॉलपेनने त्याच्या वरच्या ओठावर मिशा काढल्या. पत्त्यावरच्या राजाला दोन तोंडं असतात, एक सुलटं, एक उलटं. म्हणून पत्ता फिरवून दुसऱ्यालाही काढल्या. चांगल्या दाबून, गिरवून. जोड नवा होता, वडील चिडले. आत्याचं म्हणणं असं की ही दुरुस्ती आहे. चार राजांपैकी तिघांना मिशा आहेत, बदामवाल्याला तेवढ्या नाहीत. (हे वाचून तुम्ही कपाट उघडायला उठणार असाल तर बघून या. आणि चौकटचा राजा तुम्हाला एकाच डोळ्याने बघतो, तेही बघा.)

तिचं म्हणणं बरोबर होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. हे चित्र मूळ फ्रान्समधल्या जुन्या पत्त्यांवरचं. तिथे बदामच्या राजाच्या हातात कुऱ्हाड होती. पुढे ठशावरून ठसा कोरत नकलेची नक्कल होत गेली, तसं कुऱ्हाडीचं पातं नाहीसं झालं. उरलेल्या दांड्याची तलवार झाली आणि ती राजाच्याच डोक्यात घुसल्यासारखी दिसू लागली. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बघ. कुऱ्हाड गेली, मिशा नाहीत आणि तलवार स्वतःच्याच डोक्यात. कुणीतरी बिचाऱ्याचं बघायला नको?"

तेव्हापासून तो राजा तिचा झाला. म्हणजे तो तिच्याकडे यायचाच. आम्ही ओरडायचो की पुन्हा तुझ्याकडेच कसा? त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं : "त्याला मी आवडते. मिशा कुणी दिल्या त्याला?"

आमच्या घरात खेळ पुष्कळ होते. झब्बू, गुलामचोर, बदाम सात, आणि अगदीच डोकं चालवायचं नसेल तर भिकार-सावकार. पण आत्याचा खेळ एकच, पाच-तीन-दोन. तीन भिडू, तीस पत्ते. वाटणाऱ्याने दोन हात करायचे, हुकूम बोलणाऱ्याने पाच, उरलेल्याने तीन. ज्याचे हात कमी पडतील त्याच्याकडून जास्तवाल्याने पुढच्या डावात तेवढे पत्ते ओढायचे. समोरचा पत्ते पालथे धरतो, तुम्ही न बघता एक ओढता आणि त्याच्या बदल्यात आपल्याकडची एखादी फुटकळ सत्ती-अठ्ठी त्याला देता. कायदेशीर दरोडा, दुसरं काय! ज्याचा एक्का असा गेला आहे त्यालाच त्याचं दुःख कळेल.

आत्या आयुष्यभर एका कचेरीत हिशेबनीस होती आणि पत्त्यांतली येणी-देणी ती त्याच शिस्तीने ठेवायची. तीच ही वही. प्रत्येकाच्या नावाचं पान, 'येणे' आणि 'देणे'. सुट्टी संपली म्हणून हात माफ होत नसत, ते पुढच्या सुट्टीत ओढले जात. चुलतभाऊ परदेशातून सहा वर्षांनी आला, तर दारात चप्पल काढायच्या आत त्याला ऐकू आलं, "तुझ्याकडे माझे चार हात आहेत." आत्याच्या स्वतःच्या पानावर 'देणे'च्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच शब्द आहे : निरंक.

ती लबाडी करायची, हे सगळ्यांना माहीत होतं. मांडीखाली पत्ता दडवायची. चष्मा पुसायच्या निमित्ताने शेजारच्याच्या हातात डोकवायची. 'अगं, पाल!' म्हणून ओरडायची, आणि आम्ही छताकडे बघेपर्यंत उतारी बदललेली असायची. आम्ही तिला पकडायचो. पकडली की ती इतकी खूष व्हायची, की पकडणाऱ्यालाच बक्षीस मिळाल्यासारखं वाटायचं. एखाद्या डावात तिने काहीच केलं नाही तर आम्हाला काळजी वाटायची. बरं नाही का हिला?

मी कॉलेजात गेल्यावर तिला पत्त्यांबद्दल वाचलेलं काही काही सांगायला लागले. बावन्न पत्ते नीट पिसले तर ते किती निरनिराळ्या क्रमांनी लागू शकतात, तो आकडा 8 वर 67 शून्यं एवढा मोठा आहे. म्हणजे आज हातात आला तो क्रम याआधी जगात कुणाच्याच हातात आलेला नसणार. मला वाटलं, ती थक्क होईल. ती म्हणाली, "असं आहे होय? मग नीट बस. लोळू नको."

दुसरी गोष्ट मात्र तिला फार आवडली. डेव्ह बेयर आणि पर्सी डायकॉनिस या दोन गणितज्ञांनी 1992 मध्ये दाखवलं, की जोडाचे दोन भाग करून ते फर्रकन एकमेकांत घुसवायचे, असं सात वेळा केलं की पत्ते पुरेसे मिसळतात. आपण तळहातावर जोड धरून खालचे वर, वरचे खाली करतो, त्या पद्धतीला मात्र हजारो वेळा पिसावं लागेल. आत्याने पिसता पिसता हात थांबवला. "म्हणजे या घरात आजवर पत्ते पिसलेच गेले नाहीत?" तिचा चेहरा उजळला. अनेक वर्षं तिच्यावर होत असलेल्या आरोपांना तिला शास्त्रीय उत्तर मिळालं होतं. त्यातून हा डायकॉनिस चौदाव्या वर्षी घर सोडून एका जादूगाराबरोबर हिंडायला गेला होता आणि पुढे गणितात आला, हे कळल्यावर तर तो तिच्या घरचाच झाला. कुणी तिच्या पिसण्याला नावं ठेवली की ती म्हणायची, "त्या पर्सीला विचारा."

तिच्या बेरजा तोंडी असत. एक्का एक धरायचा, गुलाम अकरा, राणी बारा, राजा तेरा. एका रंगाची बेरीज 91 होते. चार रंगांची 364. "आणि जोकरचा एक," ती म्हणायची, "की झालं वर्ष पुरं. जोकरशिवाय वर्ष भरत नाही, ध्यानात ठेव." जोकर पत्त्यांत फार उशिरा आला, 1860च्या दशकात, अमेरिकेत, हेही मी तिला सांगून पाहिलं. त्याआधी लोक वर्ष कसं काढत असतील, याचं तिला खरोखर वाईट वाटलं.

ज्या दिवशी तिला 91 वर्षं पूर्ण झाली, त्या दिवशी मी फोन केला. पलीकडून शुभेच्छा ऐकून घ्यायच्या आधीच ती म्हणाली, "एक रंग संपला. तीन बाकी."

चार महिन्यांनी ती गेली. हिशेब चुकण्याची तिची ती पहिलीच वेळ.

शेवटच्या वर्षात तिला फार कमी दिसायचं. पत्ता नाकाशी नेऊन, उजेडाकडे तिरका धरून ती रंग ओळखायची. मी तिच्यासाठी मोठ्या आकड्यांचा नवा जोड घेऊन गेले. तिने तो हातात घेतला, पाठीवरून बोटं फिरवली आणि परत दिला. "गुळगुळीत आहे. परका वाटतो." मी आग्रह केला नाही. म्हातारपणी माणसाला जुन्या वस्तू सोडवत नाहीत, असा आपला एक शहाणा निष्कर्ष काढला आणि जुनाच जोड वाटायला घेतला. गंमत अशी, की डोळे गेल्यावरही तिचं नशीब गेलं नाही. माझ्याकडून पत्ता ओढताना तिचा अंगठा माझ्या पत्त्यांवरून सावकाश सरकायचा, एकेका पत्त्यावर रेंगाळायचा. मला वाटायचं, बोटांतली ताकद गेली, बिचारी चाचपडतेय. मी पत्ते तिच्या हाताजवळ नेऊन धरायचे, सोपं जावं म्हणून. आणि ती नेमका मिशीवाला ओढायची.

मागच्या महिन्यात एका रात्री झोप येईना, म्हणून तो जोड काढून एकटीच पत्ते लावत बसले. दिवा मंद होता. एक पत्ता उचलताना अंगठ्याला काहीतरी लागलं. पाठीवरच्या निळ्या जाळीत बारीकसा उंचवटा, जेमतेम तांदळाएवढा. पत्ता उलटला. बदामचा राजा. बॉलपेन दाबून गिरवलं होतं ना, ते मागच्या बाजूला उमटलं होतं. डोळ्यांना अजिबात दिसत नाही. मी दिव्याखाली धरून पाहिलं, तिरकं करून पाहिलं. नाही दिसत. अंगठ्यालाच लागतं. आणि एक इथे, तर दुसरा पत्त्याच्या दुसऱ्या टोकाला, कारण मिशा दोन्ही तोंडांना काढल्या होत्या. पत्ता कसाही धरा, एक खूण वर राहणारच.

मी तो राजा हातात घेऊन किती वेळ बसले कोण जाणे. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, की नंतर कधीतरी तिच्याही अंगठ्याला ते असंच लागलं? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. मग मांडीखालचे पत्ते आठवले. पाल आठवली. ज्या बाईला हिशेबात एक पैचीही चूक खपत नसे, तिचा मांडीखालचा पत्ता दर वेळी कोपऱ्याने बाहेर कसा डोकवायचा? आम्ही तिथे टपून बसलेले असायचो, पकडायचो, टाळ्या पिटायचो, आणि तोवर इकडे तिचा अंगठा आपलं काम करून मोकळा झालेला असायचा.

वही काढली. चाळीस वर्षांची येणी! माझ्या पानावर शेवटची नोंद थरथरत्या अक्षरात आहे : 'भाची, येणे 7 हात.' 'देणे'त अर्थातच निरंक. रात्री दोन वाजता मी एकटीच मोठ्याने हसले. शेजारच्या खोलीतून नवरा म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. आत्या."

गेल्या रविवारी भाऊ आणि त्याचा मुलगा आले होते. मुलगा नऊ वर्षांचा आहे, सगळे डाव मोबाइलवर खेळतो, पण पाच-तीन-दोन शिकवल्यावर पाच मिनिटांत मलाच नियम सांगायला लागला. पहिल्या डावात त्याला एक हात कमी पडला. पुढचे पत्ते वाटून झाल्यावर त्याने ते पंख्यासारखे पालथे धरले, अगदी छातीशी, डोळे माझ्या चेहऱ्यावर रोखून. मी अंगठा सावकाश पत्त्यांवरून नेला. तिसरा. चौथा. सहाव्यावर थांबले आणि 'अगं बाई, पाल!' म्हणून वर पाहिलं. भाऊ दचकला. मुलगा हलला नाही.

पत्ता ओढला आणि त्याला इस्पिकची सत्ती दिली.

"बदामचा राजाच नेलास ना?" तो ओरडला. "आत्या, तुला कसं कळलं?"

"मला कुठे काय कळलं," मी म्हटलं. "त्याला मी आवडते."