फुगलेली भिंत

इंग्लंडमधल्या लेस्टरची ती घरांची रांग 1880च्या दशकातली, वारसा वास्तूंच्या ग्रेड टू यादीत संरक्षित. एका घराची दर्शनी भिंत पहिल्या मजल्यावर पोट काढून उभी होती. मालकाने मला तपासायला बोलावलं. त्याला संशय पायाचा. इथे भिंतीला काहीही झालं की लोक आधी पायाकडे बोट दाखवतात, आणि पाया दुरुस्त करणारे कोटेशन घेऊन तयारच असतात.

ओळंबा सोडला. खाली भिंत सरळ, फुगवटा फक्त वर, खिडक्यांच्या मधे. पाया निर्दोष.

बाहेरून काम देखणं होतं. फ्लेमिश बाँड: प्रत्येक थरात एक वीट लांबीची, म्हणजे आडवी लांब बाजू दिसणारी, आणि एक डोक्याची, म्हणजे फक्त टोक दिसणारी. डोक्याने दिसणारी वीट नऊ इंच आत जाऊन मागच्या विटांना धरून ठेवते, असा हिशेब. सुटी झालेली एक ओढली, तर हातात अर्धीच आली. तिच्या वरचीही अर्धीच. बिल्डरने महागड्या दर्शनी विटा वाचवायला त्या तोडून बसवल्या होत्या. मागे हलक्या प्रतीच्या विटांची वेगळीच भिंत, आणि दोघींची ओळख चुन्यापुरती. ही लबाडी त्या काळी सर्रास चालायची.

तरी ती भिंत शंभर वर्षं उभी राहिली. मग कोणीतरी दर्जे, म्हणजे विटांमधले सांधे, सिमेंटने भरले. चुन्यातून पाणी बाहेर पडतं, सिमेंट ते अडवतं. पाणी आतच राहिलं, थंडीत गोठलं, मधला चुना भुसभुशीत झाला.

मालक म्हणाला, दर्शनी भिंत उतरवून नीट बांधू. कौन्सिलच्या वारसा अधिकारी बाईंनी नकार दिला: मूळ बांधकाम लबाडीसकट संरक्षित आहे. परवानगीशिवाय उतरवणं हा फौजदारी गुन्हा. बाईंचं मला पटलं. स्टेनलेस स्टीलचे पिळाचे गज सांध्यांतून मारून दोन्ही भिंती एकमेकींना बांधायच्या, सिमेंट हाताने खरवडून चुना भरायचा, असं ठरलं. यंत्राची चकती चालवली की विटांच्या कडा गेल्याच. या दुरुस्तीवर व्हॅट 20 टक्के, नवं घर बांधलं तर शून्य. हे ज्यांनी ठरवलं त्यांना दंडवत.

निघताना शेजारच्या बाई बाहेर आल्या. ‘आमचं ठीक आहे ना?’ मी म्हटलं, तपासून घ्या. त्या म्हणाल्या, पुढच्या महिन्यात दर्जे भरून घेणारच आहोत, सिमेंटने, पक्के.

चुना वापरा, एवढंच बोललो. विटांचं काही बोललो नाही. त्या माझ्या ग्राहक नव्हत्या, आणि माझी विम्याची कंपनी अशा फुकट सल्ल्यांना फार घाबरते. पण रांग एकाच बिल्डरची आहे, भिंतही सलग आहे.