जुन्या पियानोचे वय ठरवताना

मुंबईतील काही पारशी घरांत आणि मूळच्या गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या दिवाणखान्यांत अजूनही जे जुने अपराइट, म्हणजे उभ्या ठेवणीचे, पियानो जपलेले दिसतात, त्यांच्या वयाची चौकशी केली की ‘दीडशे वर्षे तरी झाली असतील’ हे उत्तर ठरलेले असते. हा आकडा बहुतेक वेळा जरा वाढवलेला असतो, आणि तो तपासायचा तर पियानोच्या बाहेरील नक्षीपेक्षा त्याचे पोट उघडून पाहणे अधिक फलदायी ठरते.

पहिला शोध अर्थातच कारखान्याने घातलेल्या नंबराचा. अपराइटचे वरचे झाकण उघडल्यावर लोखंडी चौकटीवर, ट्यूनिंगच्या खुंट्यांजवळ किंवा आतल्या लाकडावर तो छापलेला, कोरलेला किंवा ठोकलेला सापडतो. वाद्य नामांकित कंपनीचे असेल, तर प्रसिद्ध झालेल्या कोष्टकांवरून निर्मितीचे वर्ष जवळपास लगेच मिळते. स्टाइनवे, बेखश्टाइन आणि ब्ल्यूटनर या तिन्ही कंपन्या १८५३ सालच्या, आणि तिघींचेही नंबर अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. स्टाइनवेचा न्यूयॉर्कमधील पहिला पियानो मात्र ४८३ या नंबराचा होता, कारण आधीची ४८२ वाद्ये संस्थापकाने जर्मनीत बनवली होती असे मानले जाते. स्टाइनवेने १९०३ साली व्हाइट हाउसला भेट म्हणून दिलेल्या पियानोचा नंबर एक लाख होता.

अडचण सुरू होते ती लंडनच्या असंख्य लहान कारखान्यांच्या वाद्यांपाशी. त्यांच्या वह्या कधीच नष्ट झाल्या, शिवाय अनेक पियानोंवर बनवणाऱ्याऐवजी विकणाऱ्या दुकानाचे नाव असते. अशा वाद्यात तीन-चार वेगवेगळे आकडे सापडतात, आणि त्यांतला एखादा पियानोचा नसून हातोड्यांच्या यंत्रणेचा असतो. श्वांडरसारखे कारखाने केवळ ही यंत्रणा, म्हणजे अ‍ॅक्शन, बनवून इतरांना पुरवत असत आणि तिच्यावर आपला स्वतंत्र नंबर घालत. तो पियानोच्या कोष्टकात शोधला की उत्तर हमखास चुकते.

नंबर उपयोगी पडत नाही तिथे खुणा वाचाव्या लागतात, आणि त्या वाचताना एक भेद मनाशी पक्का असावा लागतो: बहुतेक खुणा ‘याच्या आधीचा नाही’ एवढेच सांगतात. वाजवायच्या पट्ट्यांवरच्या झाकणावर किंवा साउंडबोर्डवर, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या लाकडी फळीवर, १८८५ च्या लंडन प्रदर्शनातील पदक छापलेले असेल, तर पियानो त्यानंतरचा. पण किती नंतरचा हे पदक सांगत नाही, कारण जिंकलेली पदके कंपन्या पुढे कित्येक दशके मिरवत राहत. घरोघरच्या दीडशे वर्षांच्या समजुतीमागे बऱ्याचदा असेच एखादे १८५१ किंवा १८६७ चे पदक असते. ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरेही अशीच बोलकी आहेत. परदेशी मालावर मूळ देशाचा उल्लेख करायला लावणारा कायदा ब्रिटनमध्ये १८८७ साली झाला आणि त्याच धर्तीचा कायदा हिंदुस्थानात १८८९ साली आला, त्यामुळे ही अक्षरे असलेला पियानो साधारणपणे त्या सुमाराचा किंवा नंतरचा मानता येतो.

एकमेकींवरून तिरप्या जाणाऱ्या तारांचे पेटंट स्टाइनवेने ग्रँड, म्हणजे आडव्या ठेवणीच्या, पियानोसाठी १८५९ साली घेतले. तरीही सरळ तारांचे स्वस्त इंग्रजी अपराइट विसाव्या शतकातही बनत होते, म्हणून सरळ तारा पाहून पियानो १८५९ पूर्वीचा ठरवणे धाडसाचे आहे. ८८ ऐवजी ८५ पट्ट्या असणे आणि त्यांवर हस्तिदंत असणे, यांचेही तेच. दोन तुकड्यांच्या मधली बारीक सांध्याची रेघ आणि रेषांची नैसर्गिक जाळी यांवरून हस्तिदंत ओळखता येतो, पण तो विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात होता. लाकडाच्या सांध्यांवर पितळी स्क्रू आणि धातूच्या पट्ट्या मारलेल्या असतील, तर वाद्य आपल्यासारख्या दमट हवेसाठी खास बनवले होते एवढेच समजते. केव्हा बनवले, हे नव्हे.

उलट बाजूची, म्हणजे ‘याच्या नंतरचा नाही’ असे सांगणारी खूण दुर्मीळ आणि म्हणून मला सर्वांत मोलाची वाटते. ती असते पेन्सिलीची. ट्यूनर, म्हणजे सूर जुळवणारी मंडळी, पट्टीच्या बाजूच्या लाकडावर, विशेषतः पहिल्या किंवा शेवटच्या पट्टीवर, आपली सही आणि तारीख लिहून ठेवीत. पट्टी बाहेर काढण्याचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. पण तिथे १८९६ ची तारीख मिळाली, तर पियानो त्या वर्षी अस्तित्वात होता, यावर सहसा वाद उरत नाही. फक्त पट्ट्यांचा संच दुसऱ्या वाद्यातून आणलेला नाही, हे आधी पाहून घ्यायला हवे.

कारण जुन्या पियानोत हातोड्या, तारा, खुंट्या हे सारे बदललेले असू शकते. अशा वेळी मी वय लिहितो ते चौकट आणि साउंडबोर्ड यांचे, आणि बदललेल्या भागांची नोंद वेगळी करतो. कागदावरही एकच वर्ष न लिहिता ‘१८८७ ते १८९६ दरम्यान’ असे लिहून शेजारी आधार नमूद करतो: आधीची मर्यादा कोणत्या अक्षरांवरून आणि नंतरची कोणाच्या पेन्सिलीवरून. मालकांना हा आकडा थोडा कमी वाटतो, पण विमा उतरवताना किंवा वाद्य विकताना याच नोंदीचा उपयोग होतो.